हिरव्या ठिपक्याआडचा गोऱ्हा

पाकिटावर हिरवा ठिपका कशाला द्यायचा, याची व्याख्या आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांत आहे आणि ती वाचण्यासारखी आहे. प्राण्याच्या शरीराचा कुठलाही भाग, अंडं किंवा प्राण्यापासून मिळालेला कुठलाही पदार्थ ज्यात असेल ते मांसाहारी, असं सांगून झालं की लगेच सवलती सुरू होतात. दूध आणि दुधाचे पदार्थ सोडून. मध सोडून. मधमाश्यांचं मेण सोडून. लाख सोडून. म्हणजे किड्याच्या अंगातून पाझरलेली, गोळ्या-चॉकलेटांना चकाकी आणणारी लाख शाकाहारी ठरते, आणि ज्यातून पिल्लू निघण्याची कधी शक्यताच नव्हती ते पोल्ट्रीतलं अंडं मांसाहारी. नियम करणाऱ्यांना मी दोष देत नाही. आपण जेवतो तसा त्यांनी तो लिहिला. शाकाहाराची रेघ आपण प्राण्याच्या हालांवरून कधी ओढलीच नव्हती, सोवळ्या-ओवळ्यावरून ओढली होती. गेली काही वर्षं मात्र तीच रेघ भूतदयेची म्हणून मिरवली जाते आहे, आणि तिच्या जोरावर हातगाड्या हलवल्या जाताहेत, पोरांच्या ताटातलं अंडं अडवलं जातं आहे.

इंदुरात कोणाला खरोखर जनावरांच्या बाजूने बोलायचं असेल तर त्याने सुरुवात दुधापासून करावी, असं माझं म्हणणं आहे. आणि ते मी दूध पिणाऱ्यांच्या पंगतीत बसूनच मांडतो आहे.

"भिया, अपन तो प्योर व्हेज" हे वाक्य राजवाड्यापासून विजयनगरपर्यंत कुठेही ऐकायला मिळतं. सकाळचे पोहे-जिलबी आणि रात्रीचा सराफ्यातला खाद्यबाजार पाहून पाहुण्यालाही ते पटतं. प्रत्यक्षात २०१४च्या नमुना नोंदणी पाहणीत मध्य प्रदेशातले जेमतेम निम्मे लोक शाकाहारी निघाले होते. राजस्थान, हरियाणा कितीतरी पुढे. शहराचा इतिहासही निराळंच सांगतो. होळकर धनगरांचे. शेळ्या-मेंढ्यांवर जगणाऱ्या समाजातल्या घराण्याने हे शहर नावारूपाला आणलं. त्यांच्या मागोमाग दक्षिणेतून आलेल्या मराठा आणि सीकेपी घरांनी आपापले मटणाचे मसाले आणले, ब्राह्मणांनी आपलं सोवळं आणलं, आणि शेजारी महूला इंग्रजांची छावणी बसली. छप्पन दुकानावरचा अंड्याचा बेंजो, म्हणजे पावात घातलेलं ऑम्लेट, वर्षानुवर्षं खपतो आहे. "घरात चालत नाही, बाहेर खातो" म्हणणारे तर आमच्या प्रत्येक मराठी गल्लीत सापडतील, आणि त्यांच्या घरच्यांना ते ठाऊक नसतं असंही नाही. शाकाहारी शहर या वर्णनात ऐट जास्त आहे.

डिसेंबर २०२३मध्ये राज्यात नवे मुख्यमंत्री आले आणि पहिल्याच दिवशी त्यांनी मांस, मासे, अंडी उघड्यावर विकण्यावर बंदीचे आदेश काढले. परवाना हवा, स्वच्छता हवी, यात वाद नाही. माश्या घोंघावणारं मांस कोणी विकूही नये. पण त्या आदेशाचं स्वागत ज्या उत्साहाने झालं तो स्वच्छतेचा नव्हता. समोर दिसायला नको, एवढंच बहुतेकांना हवं होतं. काच लागली, पडदा लागला, बोकडाच्या नशिबात त्याने तसूभर फरक पडला नाही.

गुरांचंही असंच झालं. २०१७पासून इंदूर देशातलं सर्वांत स्वच्छ शहर ठरत आलं आणि त्या मोहिमेत जुन्या वस्त्यांतले गुरांचे बाडे उठवले गेले. शहर खरंच झकपक झालं, मला त्याचा अभिमानही आहे. गाई मात्र कुठे नाहीशा झाल्या नाहीत, बायपासपलीकडे गेल्या. पावसाळ्यात रात्री हायवेने गाडी चालवणाऱ्याला विचारा: शेतं चिखलाने भरली की मोकाट जनावरं कोरडी जागा म्हणून डांबरावर येऊन बसतात, आणि ट्रकवाल्याला ती दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

दूध कसं निघतं हे शाळेत आपल्याला अर्धंच शिकवतात. गाय दूध देते, संपला धडा. ती व्यायली तरच देते आणि वर्षा-दीड वर्षाने पुन्हा व्यायली तरच देत राहते, हे पुढचं वाक्य पुस्तकात नसतं. व्यायली की निम्म्या वेळा कालवड होते, निम्म्या वेळा गोऱ्हा. म्हशीला पारडी किंवा रेडा. आता २०१९ची पशुगणना काढा. देशात गाई आणि कालवडी मिळून साडेचौदा कोटी, बैल, वळू आणि गोऱ्हे मिळून पावणेपाच कोटींच्या आसपास. म्हशींचा हिशेब आणखी वाईट, शंभरांत नर जेमतेम आठ-नऊ. जन्माला आले ते सारख्याच संख्येने. बाकीचे गेले कुठे?

शेतात ट्रॅक्टर आला तेव्हाच गोऱ्ह्याची गरज संपली. पोळ्याला मातीची बैलजोडी आणून पुरणपोळीचा नैवेद्य दाखवणाऱ्या आमच्या घरांना ते कळायचं कारण नव्हतं, बैल आमच्याकडे मातीचाच होता. शेतकऱ्याला मात्र लगेच कळलं. बैल पोसायचा म्हणजे वर्षभराची वैरण, आणि तो राबणार कुठे?

सांवेरकडच्या एका गोठ्यात मी धार काढताना पाहत उभा होतो. एका म्हशीच्या पुढ्यात गोठेवाल्याने काहीतरी आणून टेकवलं. आधी वाटलं, पोतं असावं. जवळ गेल्यावर दिसलं की ते रेडकाचं कातडं आहे, आत भुसा भरून जाड दोऱ्याने शिवलेलं. डोळ्यांच्या जागी नुसत्या खाचा होत्या आणि मानेवरचे केस झडून चामडं गुळगुळीत झालं होतं, चाटून चाटून. म्हैस ते चाटू लागली. थोड्या वेळाने सड टपोरले, पान्हा आला आणि बादलीत धार वाजू लागली. गोठेवाला दुष्ट माणूस नव्हता, म्हशींना नावांनी हाक मारत होता. त्याने सरळ हिशेब मांडला. रेडकू जेवढं पिणार तेवढं कॅनमधून कमी होणार, आणि मोठा होऊन तो रेडा देणार काय? म्हणून पहिले काही दिवस पाजायचं, मग पान्हा फुटण्यापुरतं तोंड लावू द्यायचं, मग तेही कमी करत आणायचं. "मारता कोई नहीं साब, अपने आप मर जाता है," तो म्हणाला आणि त्याच दुधाचा चहा त्याने माझ्यापुढे ठेवला. मी प्यायलो.

ज्या खरवसासाठी आपण गवळ्याला आगाऊ सांगून ठेवतो, वेलची-जायफळ कुटून तयार राहतो, तो चीक त्या वासराचा पहिला घास असतो. सगळ्या गोठ्यांत असंच चालतं असं मी म्हणणार नाही. दोन म्हशी बाळगणाऱ्या घरातली बाई रेडकाला पोटच्या पोरासारखं वाढवते, असंही मी पाहिलं आहे. पण देशभरच्या गणनेतला नरांचा तुटवडा काही एक-दोन निर्दय गोठ्यांनी पाडलेला नाही.

राजवाड्याजवळच्या आडा बाजाराची गोष्ट इंदुरातल्या प्रत्येक पोराला येते. मालेरावांच्या रथाखाली वासरू सापडून मेलं, गाय तिथेच बसून राहिली, अहिल्याबाईंनी चौकशी करून मुलाला तीच शिक्षा फर्मावली. सारथी धजेना तेव्हा त्या स्वतः रथावर चढल्या, आणि तीच गाय पुन्हापुन्हा रथाला आडवी आली. इतिहासातले मालेराव १७६७ साली आजारपणात गेले, म्हणजे ही दंतकथाच. पण लोकांनी ती इतकी वर्षं जपली, कारण तिच्यात वासराचा जीव राजपुत्राच्या जिवाच्या तोलाचा धरला आहे. ही गोष्ट पाहुण्यांना सांगत सांगतच आपण त्याच बाजारातून पलीकडे सराफ्यात रबडी खायला जातो. दोन्हींची सांगड घालायचं कोणाच्या मनात येत नाही. रथ डोळ्यांसमोर होता. कढईत आटणाऱ्या दुधातलं वासरू कोणाला दिसणार?

कायदा गाईच्या बाजूने आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे. मध्य प्रदेशात २००४पासून गोवंश वधबंदीचा स्वतंत्र कायदा आहे आणि नंतरच्या दुरुस्तीने शिक्षा सात वर्षांपर्यंत गेली आहे. मात्र तो कापण्याविरुद्ध आहे. उपाशी ठेवण्याविरुद्धचा कायदा वेगळा, १९६०चा. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत विषय लावून धरला म्हणून झालेला. जनावराला पुरेसं अन्नपाणी न देणं हा त्यात गुन्हा आहे आणि पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. आज ५० रुपयांत लिटरभर बरं दूधही येत नाही.

गाय पंधरा-वीस वर्षं जगू शकते. दुधाची वेतं त्यातल्या निम्म्या काळापुरतीही मुश्किलीने पुरतात. पूर्वी भाकड जनावर विकून शेतकरी नव्याची सोय करायचा. ती वाट बंद करायची असं समाजाने ठरवलं, तर पुढच्या आठ-दहा वर्षांच्या वैरणीचा खर्च समाजाने उचलायला हवा होता. तो कोणी उचलला? गोशाळांना राज्य सरकार जनावरामागे रोज २० रुपये द्यायचं, २०२५मध्ये त्याचे ४० केले. चाळीस रुपयांत एका गाईचं रोजचं भुसा-ढेप-पाणी, औषध आणि माणसाची मजुरी बसवून दाखवावी कोणी. न बसणारी जनावरं रस्त्यावर येतात. २०१९च्या गणनेत देशात ५० लाखांहून जास्त मोकाट गुरं मोजली गेली. सावरकर गाईला उपयुक्त पशू म्हणत. उपयोग संपल्यावर काय, हा प्रश्न त्या भूमिकेलाही चुकत नाही, आणि गाईला माता म्हणणाऱ्यांना तर मुळीच चुकू नये.

म्हशीची तर गोष्टच वेगळी. हलवायाला मावा, रबडी, दही यांसाठी म्हशीचं दाट दूध हवं असतं. इंदूरची खाद्यकीर्ती बरीचशी तिच्या फॅटवर उभी आहे. तिच्या नावाने ना आंदोलन, ना मंत्रिमंडळाची बैठक. म्हशीच्या मांसाच्या निर्यातीत भारत जगातल्या आघाडीच्या देशांत आहे. दूध पिणाऱ्यांनी त्या निर्यातीला नाकं मुरडू नयेत. रबडी आणि ते मांस एकाच गोठ्यातून निघतं.

मार्च १९१८मध्ये हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून गांधी इंदुरात आले तेव्हा दूध सोडून त्यांना सहाएक वर्षं होत आली होती. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी ते सोडलं आणि कलकत्त्याकडचे गवळी शेवटचा थेंब काढण्यासाठी गाई-म्हशींवर फुंक्याचा, म्हणजे योनीत हवा फुंकण्याचा, जो अघोरी प्रयोग करतात त्याची किळस हे त्यामागचं एक मोठं कारण होतं. इंदूरच्या भेटीनंतर काही महिन्यांतच ते आमांशाने मरणाच्या दारी गेले, आणि पुढे कस्तुरबांनी सुचवलं की शपथ गाई-म्हशीच्या दुधाची होती, शेळीचं चालेल. त्यांनी ते घेतलं आणि शपथेचे शब्द पाळले, आत्मा पाळला नाही, ही खंत पुढे उघड बोलून दाखवली. वेगन, म्हणजे दुधासकट प्राण्यापासूनचं काहीच न घेणारा, हा शब्द विलायतेत निघाला १९४४ साली. हे खूळ परदेशी आहे असं म्हणणाऱ्यांनी तेवढं ध्यानात घ्यावं.

तत्त्व म्हणून वेगन माणसाचं म्हणणं मला खोडता येत नाही. जनावर आपल्यासाठी जन्माला आलेलं नाही, त्याला वेदना होते, आणि आपलं त्याच्यावाचून भागू शकतं; या तीन गोष्टी मान्य केल्या की बाकीचं ओघानेच येतं. माझं भांडण आहे ते तिसऱ्या गोष्टीतल्या "आपलं" या शब्दाशी. कोणाचं भागतं? विजयनगरच्या कॅफेत ओटच्या दुधाची कॉफी पिणाऱ्याचं भागतं. ब-१२ वनस्पतींतून मिळत नाही, त्याची गोळी घ्यावीच लागते, हे ज्याला माहीत आहे आणि गोळी परवडते, त्याचं भागतं. (ते न सांगता कॉलेजातल्या पोरांना वेगन करणाऱ्यांचा मला राग येतो. आपल्याकडच्या शाकाहाऱ्यांतही ब-१२ची बोंब असते.) आदिवासी अलीराजपूरच्या पोराचं भागत नाही.

२०२१मध्ये पेटा इंडिया या प्राणिहक्कवाल्या संस्थेने अमूलला वनस्पतिजन्य दुधाकडे वळायचा सल्ला दिला, तेव्हा अमूलच्या व्यवस्थापकीय संचालकांनी उलट विचारलं की दहा कोटी दूध उत्पादकांचं, त्यातल्या बहुसंख्य भूमिहीनांचं पोट कोण भरणार. प्रश्न रास्त होता. शेत पावसावर, दुधाचे पैसे मात्र दर आठ-दहा दिवसांनी हातात, आणि पुष्कळ घरांत बाईच्या हातात. ज्या माणसाला हे दिसत नाही त्याने खेड्यातल्या अर्थकारणावर बोलू नये. पण ही भूमिहीन बाई पुढे करून गोऱ्ह्याचा प्रश्न दाबून टाकायचा, ही चलाखी झाली. वासराला उपाशी ठेवण्यात तिचा फायदा किती? शहराला दूध स्वस्तात पोचावं म्हणून ती ते करते. आपण दुधाची किंमत देतो ती त्यातल्या पाण्याची, फॅटची आणि एसएनएफची, म्हणजे फॅट सोडून उरलेल्या घन भागाची. गोऱ्ह्याची आणि म्हाताऱ्या गाईची किंमत त्यात धरलेलीच नसते.

कृत्रिम मांसाबद्दल मला फारसा उत्साह नाही. सिंगापूरने २०२०मध्ये प्रयोगशाळेत वाढवलेल्या कोंबडीच्या मांसाला परवानगी दिली, अमेरिकेने २०२३मध्ये, त्याच वर्षी इटलीने बंदी घातली. चालू दे त्यांचं. आपल्याकडे शाकाहाऱ्याला मटणासारखं दिसणारं काही पानात नको असतं आणि मटण खाणाऱ्याला महागडी नक्कल कशाला हवी? इथे जनावराचं जे रोज, तिन्ही त्रिकाळ, सगळ्या जातींच्या घरांत लागतं ते चहात पडतं आणि वरणावर वाढलं जातं. पर्याय शोधायचा तर त्याचा. बाजाराची मात्र उलटीच तऱ्हा. आपली सगळ्यांत लोकप्रिय वनस्पतिजन्य नक्कल म्हणजे सोया चाप, आणि इंदुरात ती मागवायची तर "मलाई मार के".

सोयाचं नाव निघालंच आहे, तर या बाबतीत इंदुराइतकं सोयीचं शहर देशात दुसरं नाही. सोयाबीन गिरणीवाल्यांची अखिल भारतीय संघटना इथली. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची सोयाबीन संस्था १९८७पासून खंडवा रोडवर. माळव्यातली काळी जमीन पूर्वी पावसाळाभर पडीक ठेवायचे आणि ओलीवर रब्बीत गहू-हरभरा घ्यायचे. साठ-सत्तरच्या दशकांत जबलपूरच्या कृषी विद्यापीठाने अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीने सोयाबीन रुजवलं आणि त्या रिकाम्या खरिपात ते असं पसरलं की राज्यालाच लोक सोया प्रदेश म्हणू लागले. दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिनं, २० टक्के तेल. कुठल्याही डाळीच्या जवळजवळ दुप्पट प्रथिनं. हे सगळं इथल्या शेतात निघतं, आणि इथला शेतकरी पोती भरून मंडीत नेतो. घरी शिजवत नाही.

तेल माणसांना जातं. मागे राहते पेंड, म्हणजे जवळपास सगळं प्रथिन, आणि तिचा मोठा वाटा जातो कोंबड्यांना. पाच-सहा आठवड्यांत कापायला तयार होणारी ब्रॉयलर कोंबडी मका आणि सोयापेंड खाऊनच तेवढी वाढते. किलोभर वजनाला दीड-दोन किलो खाद्य. शाकाहारी म्हणवणाऱ्या माळव्याचं मुख्य खरीप पीक देशातल्या चिकनचं खाद्य आहे. हे वाक्य मी एका भाषणात म्हटलं तेव्हा सभागृहात चुळबुळ झाली, पण पेंड जाते कुठे हे गिरणीवाल्यांना पक्कं ठाऊक असतं.

लोक सोयाबीन का खात नाहीत? वासामुळे. तो कच्चा, कडवट, हिरवट वास एका एन्झाइमचा खेळ आहे. दाणा फुटून पाण्याशी गाठ पडली की ते कामाला लागतं. रात्रभर भिजवलेले दाणे गार पाण्यात वाटले तर तो वास बसलाच, मग कितीही उकळा. तेच दाणे आधी पाच मिनिटं उकळत्या पाण्यात टाकून, गरम पाण्यातच वाटून फडक्यातून गाळले तर तो बराच मरतो. वर चांगली उकळी हवी, कारण कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो. आमच्या घरी हे दूध होतं. चहात ते कधीकधी फाटतं आणि बासुंदी त्याची होत नाही, हे मी आधीच सांगून टाकतो. शेवयांची खीर होते, रश्श्याला दाटपणा येतो, लिंबू पिळून फाडलं तर मऊ पनीर पडतं, आणि फडक्यातला चोथा थालिपिठाच्या भाजणीत मिसळला तर कोणाला कळतही नाही. इंदूरच्याच संस्थेने तो अपायकारक घटक नसलेला एनआरसी १२७ हा वाण काढला, मग त्या घटकासोबत वासाचं मुख्य एन्झाइमही काढून टाकलेला एनआरसी १४२. खाण्यासाठी म्हणून मुद्दाम केलेले वाण. ते बियाण्याच्या दुकानांत आणि मग किराण्यात पोचवणं हे आता शास्त्रज्ञांचं काम राहिलेलं नाही.

२०२४च्या सप्टेंबरात हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असताना मंडीत त्याहून कमी मिळत होता आणि माळव्यातले शेतकरी ६,००० मागत ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले होते. स्वस्त आयात तेल आणि जगाच्या बाजारात पडलेला पेंडीचा भाव, यात ते सापडले. पीक गुरा-कोंबड्यांचं खाद्य म्हणून विकलं जातं तोवर त्याला भावही खाद्याचाच मिळणार. शाळेच्या खिचडीत, वसतिगृहांच्या जेवणात, महूच्या लष्करी मेसमध्ये ते माणसांचं अन्न म्हणून गेलं तर शेतकऱ्याच्या पदरात थोडं जास्त पडेल, असं मला वाटतं. भूतदयेचं आणि शेतमालाच्या भावाचं हित एका ठिकाणी येण्याची अशी संधी क्वचित मिळते, आणि ती आमच्या गावात मिळाली आहे.

राहिलं अंडं. २०१५मध्ये या राज्यातल्या आदिवासी जिल्ह्यांच्या अंगणवाड्यांत अंडी द्यायचा प्रस्ताव आला आणि तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी तो फेटाळला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१मध्ये, मध्य प्रदेशात पाच वर्षांखालची ३५.७ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली आणि ३३ टक्के कमी वजनाची. झाबुआ-अलीराजपूरच्या भिल्ल घरांत कोंबड्या दारातच असतात; झाबुआच्या कडकनाथला २०१८मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं, आणि त्याचं कौतुक करायला सगळे पुढारी होते. ज्यांच्या घरी अंडं खाल्लं जातं त्यांच्या मुलांना ते द्यायचं नाही, हा निर्णय ज्यांच्या घरी खाल्लं जात नाही त्यांनी घेतला. आणि घेणाऱ्यांच्या फराळाच्या ताटात पेढा होता.

अंड्याचा धंदाही निष्पाप नाही. अंडी देणाऱ्या जातीचं नर पिल्लू पहिल्याच दिवशी मारलं जातं. जर्मनीने २०२२पासून त्यावर बंदी घातली, आपल्याकडे त्याची चर्चाही नाही. गोऱ्हा आणि हे पिल्लू एकाच न्यायाचे बळी आहेत. म्हणून मला पिंजऱ्यातल्या पोल्ट्रीला अंगणवाडीचं कंत्राट द्यायला नको आहे. त्याच गावातल्या बायकांच्या परसातली अंडी विकत घ्या. ज्या घरी नको असेल त्या पोराला सोयाची बर्फी द्या, गहू-सोयाची तर घरपोच शिध्यातून दिलेलीही आहे. निवड त्याच्या आईची. त्याग करायचा तर आधी त्याने, ज्याच्यापुढे पानात चार पर्याय आहेत.

म्हणजे आम्ही. वेगन व्हा, अशी हाक मी देत नाही. ती ऐकून दहा माणसं वर्षभर वेगन होतील आणि उरलेले सुखाने रबडी खातील. घरातलं दूध निम्म्यावर आणणं मात्र पुष्कळांना जमण्यासारखं आहे, आणि जे घ्यायचं त्याची पुरती किंमत मोजणंही. मध्य प्रदेशातल्या सहकारी दूध संघांचं, म्हणजे सांचीचं, व्यवस्थापन २०२५मध्ये राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाकडे गेलं. संकलन वाढवायच्या, भाव वाढवायच्या घोषणा झाल्या. हीच वेळ आहे. लिटरमागे एखाद-दोन रुपये गोऱ्ह्याच्या आणि भाकड जनावराच्या नावाने घ्या आणि ते थेट सांभाळणाऱ्याच्या खात्यात टाका. भोपाळच्या भदभद्याला कालवडीच होतील अशा निवडक वीर्याच्या कांड्या तयार करण्याची प्रयोगशाळा आहे, त्या लहान शेतकऱ्याला जवळपास फुकट मिळाव्यात. जन्मून उपाशी मरण्यापेक्षा न जन्मलेला गोऱ्हा बरा, यात मला काही अधर्म वाटत नाही. भाकड गाईचा प्रश्न त्याने सुटणार नाही, म्हणूनच तो रुपया हवा.

दूध महाग होईल, गरिबाच्या पोराचं काय, असं विचारलं जाईल. गरिबाचं पोर आजही आपल्याइतकं दूध पीत नाही. त्याच्यासाठी अंगणवाडीत वेगळी तरतूद करता येते. सराफ्यातल्या रबडीला अनुदान द्यायची गरज नाही. आणि हे मोजणार कसं, असंही विचारलं जाईल. सरकारच्या योजनेत गुरांच्या कानात १२ आकडी पिवळा बिल्ला मारतात, त्यावर लसीची, रेतनाची नोंद होते. दूध संघाने दर वर्षी एवढंच छापावं: आमच्या सभासदांच्या गोठ्यांत इतके नर जन्मले, त्यांतले इतके वर्षाचे झाले. रोज सकाळ-संध्याकाळ लाखो लिटरची फॅट मोजणाऱ्यांना हे जड नाही. पहिल्या वर्षी आकडा लाजिरवाणा येईल. तरी छापावा.